मूठभर काळी साळ
सुनेने आज वासाचा तांदूळ शिजवला आणि मला आमच्या दहिवलीतली बियाण्याची कणगी आठवली. लढाईचे, टंचाईचे दिवस होते, म्हणून गावाने सोसायटी काढली. सगळ्यांनी भाताचं बी एकाच कणगीत घालायचं आणि पेरणीला सारखं वाटून घ्यायचं. मी सेक्रेटरी, नवा आणि ताठ. शेजारची म्हातारी काकी काळ्या टरफलाच्या, वासाच्या साळीचा पेंढ्यात बांधलेला लहानसा मुडा घेऊन आली. "हे येगळं ठेव रं, माझ्या आयनं दिलेलं बी हाय." मी म्हणालो, "काकी, नियम सगळ्यांना एकच." तिने मुडा सोडला आणि कणगीत ओतला. मग तीन दुपारी ती तिथे बसून काळे दाणे वेचत राहिली. तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली. म्हटलं, "काकी, ही मूठ घरी ने." तिने मूठ नाकाशी नेली, हुंगली आणि परत कणगीत सोडली. "मला दिलंस तर उद्या समदी मागतील. मंग सोसायटी कशी चालंल रं?" सोसायटी पुष्कळ वर्षं चालली. ती साळ मात्र बाकीच्या बियाण्यात मिसळून हरवली, गावात पुन्हा कुणाच्याच चुलीवर शिजली नाही, आणि आज सून विचारते आहे, ताटातला भात तसाच का ठेवलात.