विमानासाठी नासवलेलं दूध

आमच्या घरात जाणूनबुजून दूध कोणी नासवत नसे. चुकून नासलं तरी सासूबाई दिवसभर देवापुढे हात जोडायच्या. ते पाप मी केलं, आणि एकदा नाही, अख्खा हिवाळा केलं. दिरासाठी करते, असं मी सगळ्यांना सांगत होते. खोटं कशाला बोलू, धाकट्या जावेला मागं टाकायचं होतं म्हणून करत होते.

वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं बागाईत होतं. वांगी, मिरची, मेथी, कांदा. दोन विहिरी, दोन मोटा. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर सात वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालणं, खरजेला करंजीचं तेल चोळणं, रडला की समजूत काढणं, सगळं माझ्याकडे आलं. मी तरी कुठे मोठी होते? शाळेतून आला की तो चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं काढायचा आणि मला गिरवायला लावायचा. मला वाचता येतं ते त्याच्यामुळे. पुढे तो अकोल्याच्या इंग्रजी शाळेत गेला, पण सुटीत आला की आधी चुलीजवळ येऊन बसायचा. घरात कोणाला काही सांगायचं असलं की ते पहिल्यांदा माझ्या कानावर पडायचं.

विमानाचंही पडलं. अकोल्याला मैदानात उतरलेलं विमान तो पाहून आला होता. दोन दिवस जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. मग म्हणाला, वैनी, ते आतून सगळं लाकडाचं असतं, वरून कापड ताणलेलं असतं, सुतारकामच आहे ते. मी म्हटलं, तिफणीचं फण तुम्हाला धड बसवता येत नाही, विमान कुठलं करता? तो हसला. मलाही बरं वाटलं, की हे वेड फक्त आम्हा दोघांत आहे.

मग त्याचं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, चार इयत्ता इंग्रजी शिकलेली. आली त्या दिवशी मी तिची दृष्ट काढली, आणि महिन्याभरात तिचं नुसतं पाऊल वाजलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

तिनं काही वाईट केलं नव्हतं. झालं एवढंच, की मुंबईहून टपालानं विमानाचं पुस्तक आलं. त्यात घड्या घातलेले मोठमोठे नकाशे होते आणि काय कसं करायचं ते सगळं इंग्रजीत होतं. त्यानं गोठ्याचा अर्धा भाग रिकामा केला, शिवणीच्या झाडाची हलकी लाकडं आणली, मालेगावच्या दुकानांतून चहाच्या रिकाम्या पेट्या गोळा केल्या, कारण त्यांच्या पातळ फळ्या पंखाला चालत होत्या. अकोल्याहून मोटारसायकलचं जुनं इंजिन मोटारीच्या टपावरून आलं. आमचे हे सुरुवातीला कुरकुरले, की पाटाचं पाणी कोण वळवणार. पण धाकट्या भावापुढे त्यांचं कधी काही चाललं नाही. दिराचे हात करवतीत गुंतलेले असायचे, म्हणून धाकटी पुस्तक घेऊन बसायची. ती वाचायची, तो कापायचा. इंच किती, कोन किती, तीच हिशोब करून सांगायची. मी चहा घेऊन गेले की दोघं बोलता बोलता थांबायची. कदाचित थांबत नसतीलही. मला तसं वाटायचं.

रागाला बाहेर पडायला वाट लागते. वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. तिनं भाकरी थापली तर मी म्हणायची, कडा जाड राहिल्या. तिनं सडा घातला तर म्हणायची, चिखल केला. ती मला बाई म्हणायची. "बरं बाई" म्हणून पुन्हा गोठ्यात जायची. तिनं एकदा तरी उलट बोलावं म्हणून मी जीव टाकत होते.

माझी वेळ सरसामुळे आली. लाकडाचे सांधे चिकटवायला सुतार जनावराच्या कातड्याचा सरस वापरतात. पुस्तकात लिहिलं होतं, की तो दमटपणानं सुटतो, विमानाला दुधाचा सरस लावा. दूध फाडायचं, त्याचा चोथा वाळवून दळायचा आणि चुन्यात कालवायचा. धाकटीनं पुस्तकाबरहुकूम सगळं केलं आणि सांधा हातानं ओढताच निघाला. पुन्हा केलं, पुन्हा निघाला. दीर कपाळाला हात लावून बसला. मी दारात उभी होते. मी विचारलं, साय काढली होती का? तिनं वरवरची काढली होती. मी म्हटलं, अगं, तुपट हातानं कधी काही चिकटतं का? सरका बाजूला.

सासूबाई मारुतीला गेल्या तेव्हा मी सकाळचं दूध घेतलं. दोनदा तापवून, दोनदा निववून त्याची सगळी साय काढली, आणि कोमट असतानाच लिंबू पिळलं. दूध फाटताना मी देव्हाऱ्याकडे पाठ केली होती, हे मी कबूल करते. चोथा तीन पाण्यांतून धुतला, फडक्यात टांगला, सुपात सावलीला वाळवला, पाट्यावर वाटला, कापडातून चाळला. ताजा विरवलेला चुना आणि चिमूटभर पापडखार घालून धिरड्याच्या पिठासारखं कालवलं. दिरानं त्यानं दोन पट्ट्या जोडल्या, वाळवल्या आणि एक दिवस हौदात बुडवून ठेवल्या. मग गुडघ्यावर धरून मोडल्या. लाकूड मोडलं, सांधा नाही मोडला.

तो तसाच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "वैनी, तुह्याशिवाय हे विमान उडत नाही." सासूबाईंना दुधाचं कळलं तेव्हा त्यांनी आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या वाक्यावर अख्खा कार्तिक काढला.

सरसाचा एक नेम होता. सकाळी कालवलेला दुपारच्या जेवणापर्यंतच वापरायचा. मग तो घट्ट होतो. पाणी घालून तो पुन्हा सैल करता येतो, पण त्याच्यात धरायचं बळ उरत नाही. हे धाकटीनंच मला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं, दोनदा. उरलेला मी रोज उकिरड्यावर टाकत होते.

उजवा पंख बंद करायची वेळ आली. फासळ्यांवर चहाच्या पेटीची शेवटची फळी बसायची होती. मी सरसाचं भांडं घेऊन गेले तेव्हा ती फळी उलटी पडली होती आणि तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. बालबोध होतं, मला वाचता आलं. त्याचं नाव आणि त्याखाली तिचं. दोन्ही त्याच्याच अक्षरात. मी खाली पाहिलं, बाजूला पाहिलं, माझं कुठे आहे ते शोधलं. तेवढ्यात त्यानं फळी उचलली, सरस लावला आणि बसवून टाकली.

मला कोणी हाकलून दिलं असतं तरी एवढं लागलं नसतं. दूध मी नासवलं, सासूचा अबोला मी सोसला, आणि आत राहणार ती दोघं. मी घरी आले आणि माझ्या पोरींना विनाकारण धपाटे घातले.

दुसऱ्या दिवशी डाव्या पंखाच्या मुख्य वाशाचा सांधा होता. पंखाचा सगळा भार त्या एका वाशावर, हे घरातल्या गड्यालाही ठाऊक होतं. मी आदल्या दिवशीचा घट्ट झालेला सरस टाकला नव्हता. त्यात पाणी घातलं, ढवळला, वर दोन चमचे ताजा ओतला आणि भांडं धाकटीच्या हातात दिलं. वाशाला सरस लावायचं काम तिचं होतं.

दिराचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मी असा विचार केला, की उद्या सांधा आवळून धरणारे शिकंजे काढले की सांधा जमिनीवरच उकलेल, सगळ्यांदेखत, आणि तो तिला बोलेल. तुझ्या हाताला गुण नाही म्हणेल. तिची एकदा फजिती व्हावी, एवढीच माझी भूक होती.

शिकंजे निघाले. मी काम टाकून बघायला गेले होते. त्यानं सांध्यावर लाकडी हातोड्यानं ठोकून पाहिलं, गुडघा टेकून वजन दिलं. सांधा हलला नाही. आधी मी नुसती चिडले, की मेलीचं नशीबच बळकट. चूल फुंकता फुंकता मग डोक्यात शिरलं, की सांधा धरला असं दिसतंय, पण धरलेला नाही. आता तो जमिनीवर उकलणार नाही. वर उकलेल.

त्यानंतर मला घास जाईना. चार दिवसांत पंखांवर मांजरपाट ताणलं, त्याला खळ आणि रोगण लागलं, वासा दिसेनासा झाला. मी एकदा दिराला म्हटलं, डावी बाजू पुन्हा उघडून बघा. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, काही नाही, असंच. बोलले असते तर त्यानं माझ्याकडे कसं पाहिलं असतं, ते मला आधीच दिसत होतं. नवस बोलले. आमचे हे म्हणाले, तब्येत बरी नाही का, वैद्याकडे जाऊ. मी त्यांच्यावरही खेकसले.

संक्रांत झाली. कपाशीची पऱ्हाटी उपटून एक लांब वावर मोकळं केलं, बैलांनी ओंडका ओढून सपाट केलं. उड्डाण उद्यावर आलं. त्या सकाळी मी आणि धाकटी बाजारासाठी मेथी काढत होतो. बाकी कोणी जवळ नव्हतं. उद्या तो मेला तर खुनाचं पाप माझ्या माथी, आणि आज बोलले तर तो मला जन्माचा तुटणार. मी विळा खाली ठेवला.

"डाव्या वाशाचा सरस शिळा होता," मी म्हटलं. "म्या मुद्दाम देला."

ती जुडी बांधत होती. तिनं गाठ पुरी केली.

"मले ठाऊक हाय, बाई. वास घेताच समजलं. म्या थो टाकून देला अन् दुसरा कालवला. सायीचं तुमी शिकवलंच होतं."

मी तिथंच वाफ्यात बसले. त्याचा जीव वाचला हे पहिल्यांदा मनात यायला हवं होतं. आलं ते दुसरंच. मी विचारलं, "मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? त्याहिले सांगतलं असतं तं त्याहिनं तुमच्या हातचं पुन्हा खाल्लं नसतं."

आणि ती पुढच्या वाफ्याकडे सरकली, कारण मोटार यायच्या आत जुड्या रस्त्यावर न्यायच्या होत्या.

दीड महिना ती माझ्या हातची भाकर खात होती. माझे टोमणे ऐकत होती, "बरं बाई" म्हणत होती, आणि मी काय केलं ते तिला माहीत होतं. तिनं माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते. आतापर्यंत ती माझ्याहून जास्त शिकलेली होती, त्याच्या जवळची होती, ते मी एक वेळ गिळलं असतं. आता ती माझ्याहून बरी माणूसही निघाली. त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. मी उरलेली मेथी उपटली ती मुळासकट मातीसकट उपटली.

दुसऱ्या दिवशी वावराच्या कडेला सगळा गाव लोटला. मालेगावहून माणसं आली, कोणी सायकलींवर, कोणी बैलांच्या दमण्यांतून. सासूबाईंनी इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं. दीर आत बसला. इंजिन धडधडत सुटलं तेव्हा बैल बिथरले. विमान वावरभर धावलं, आणि माणूस-दीड माणूस उंच उठलं. खरोखर उठलं. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून गेलं, पलीकडच्या रिकाम्या वावरात टेकलं, चाक मोडून एका अंगावर कललं. एवढंच. लोकांनी जो आरडाओरडा केला तो विचारू नका.

तो धुळीनं माखून आमच्याकडे धावत आला. आम्ही बाया एका बाजूला उभ्या होतो. त्याची नजर धाकटीवर होती, मला ती दिसत होती, आणि का नसावी? तो तिच्यापुढे येऊन थांबला. तिनं पदर ओढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पहिले बाईच्या पाया पडा."

त्यानं सगळ्या गावासमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"वैनी, डावा पंख हालला बी नाही," तो म्हणाला. "तुह्या हातचा सरस हाय थो."

धाकटी माझ्या शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. लोक माझ्याकडे पाहत होते, सासूबाईसुद्धा, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एक खरं वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं.

"औक्षवंत व्हा," मी म्हटलं, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.