पाठीला पाठ, टाळी आणि उडी

लग्नानंतर सात महिन्यांनी मी माझ्या नवऱ्याला नापास केलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून बंगळूरला येऊन मी बसवनगुडीतल्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवत होते. पहिल्या तासाला पोरं उघड्या डोळ्यांनी झोपायची. म्हणून मी एक खेळ काढला. दोघादोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, मी टाळी वाजवली की उडी मारून समोरासमोर! एकाने कालच्या धड्यातलं विचारायचं, दुसऱ्याने तीन आकडे मोजेपर्यंत उत्तर द्यायचं. चुकला तर पाच उठाबशा. आठवड्याभरात वर्ग इतका जागा झाला, की शेजारच्या गणिताच्या बाई दार लावून शिकवू लागल्या.

घरी मात्र सामसूम. श्रीकांत सकाळी सातला कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा, संध्याकाळी सातला यायचा आणि ‘हं’ म्हणायचा. (कधी ‘हं हं’. त्या दिवशी स्वारी खुशीत आहे असं समजायचं.) पुण्याला आमच्या घरात चौघं एकाच वेळी बोलायचो. इथे शाळेत इंग्रजी, दुकानात माझं मोडकं कन्नड; मनातलं बोलायला हा एकच माणूस! गणपती जवळ आले तसं मला आईच्या स्वयंपाकघरातला तो गलका आठवून रोज रडू यायला लागलं. कुणीतरी माझं ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

मग एका संध्याकाळी ठरवलं. सातवीला जमतं, ते इंजिनिअरला का जमू नये?

"ऊठ रे. पाठीला पाठ लाव."

"अगं, आत्ताच बूट काढलेत..."

"टाळी वाजली की उडी!"

आम्ही उडी मारली. भांडी खणखणली.

"काल मी तुला काय सांगितलं?"

"काल? गॅस संपला?"

"चूक! पाच उठाबशा! आणि परवा?"

"गॅस... संपत आलाय?"

पुन्हा उठाबशा. "मला पण काहीतरी विचारू दे ना," तो धापा टाकत म्हणाला. "तुझी पाळी नंतर!" मी बाईंच्या आवाजात सांगितलं.

तेवढ्यात घरमालकीण सुमित्राअक्का जिना चढून आल्या. त्यांचं घराणं मूळचं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच. हातात साराचं पातेलं.

"काय गं, वर गिरणी घातलीस? माझ्या सारूत चुना पडला बघ! स्वल्प हळू की!"

मी खेळ समजावला. अक्कांचे डोळे चमकले. पातेलं खाली ठेवून त्या खुर्चीत बसल्या. "सरी, चालेल! मी मोजते. ओंदु, एरडु..."

परीक्षक मिळाल्यावर मला जास्तच चेव आला. मी अशी टाळी वाजवली, की श्रीकांतने हातभर उडी मारली आणि तो थेट स्वतःच्या बुटावर उतरला. पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला!

अक्का हळद गरम करायला धावल्या. श्रीकांत जमिनीवर बसूनच म्हणाला, "आता माझी पाळी. काल मी तुला काय सांगितलं?"

"काल?" मी आठवू लागले. "भाजी खारट होती?"

"नाही."

"शर्टाचं बटण?"

"उद्याची पुण्याची तिकिटं मिळाली म्हणालो. गौरी-गणपतीला तुझ्या आईकडे. तू वर्गासाठी पुठ्ठे कापत होतीस."

"मग मी काय म्हणाले?"

"‘हं’ म्हणालीस."

मी तिथेच फतकल मारून रडले. सात महिने ज्या घरासाठी जीव तुटत होता, त्याची वाट मी स्वतःच्या टाळीने बंद केली होती. "तू एकटी जा," तो म्हणाला. नाही गेले. त्याचा पाय मांडीवर घेऊन चार दिवस बोलत बसले, आणि तोही बोलला. इतकं आम्ही नंतर कधी बोललोच नाही. त्या चार दिवसांसाठी अजून जीव हळहळतो.

आईला पत्रात कळवलं, ‘ह्यांचा पाय मुरगळला.’ कसा, ते लिहिलं नाही. तिचं उत्तर आलं, ‘जावईबापू भारीच धांदरट दिसतात. तू मात्र समजूतदार, सांभाळून घे.’ मी ते पत्र लपवलं, पण त्याला सापडलंच.

तीस वर्षं होत आली. ते पत्र त्याला अजून तोंडपाठ आहे, एकदाही उजळणी न घेता!