ओटीतल्या खणांची बाग

ओटीच्या खणाला कात्री लावायची नसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी मी लावलीच असती.

खण म्हणजे ओटीत नारळाबरोबर मिळणारा ब्लाउजपीस. चिंचवडच्या आमच्या कामगार कॉलनीत तो एकदा दुकानातून बाहेर पडला की त्याच्या नशिबी शिवणं नसायचंच. हळदीकुंकू, बारसं, सवाष्णीचं जेवण, असा घडी न मोडता घरोघर फिरायचा. कापड इतकं आखूड की बाह्या निघाल्या तर पाठ निघायची नाही. मी दिलेला एक जांभळा खण वर्षभर गावभर हिंडून माझ्याच ओटीत परत आला होता, कडेला दुकानदाराचा शिक्का तसाच. देणारी हसली नाही, मीही हसले नाही, घेतला आणि पेटीत टाकला.

माझी पेटी इतरांपेक्षा लवकर भरायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यामुळे माझी ओटी भरताना बायांना जास्तच उमाळा यायचा. पदरात तांदूळ घालता घालता नजर पोटाकडे, आणि वर, “पुढच्या वर्षी कडेवर घेऊन ये हं!” मी वाकून नमस्कार करायची आणि मनात शिव्या घालायची.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून झालं होतं. सगळ्या तपासण्या, सगळी इंजेक्शनं माझी. शेवटी त्या म्हणाल्या, “तुमच्यात काही दोष नाही. आता मिस्टरांना घेऊन या.” मी घरी येऊन सांगितलं. आमचे हे म्हणाले, “ओव्हरटाइम आहे.” मग म्हणाले, “बघू.” मग विषय निघाला की पेपर उघडून बसू लागले. घरात मात्र एक वाक्य ठरून गेलं, पाहुण्यांपुढे, दूधवाल्यापुढे, कुणापुढेही म्हणायचं: हिला मूल होत नाही.

हिला. जसं काही मी एकटीच संसार करत होते.

तर मी बाग केली. आमची खोली तळमजल्यावर, पुढे अंगणाचा एक पट्टा. पट्टा कसला, नुसता मुरूम, विटांचे तुकडे आणि बांधकामाचा राडा. पलीकडे कंपनीची भिंत आणि दिवसातून तीनदा भोंगा. मी पहारीनं खणलं, गावठाणातल्या गोठ्यावरून शेणखताच्या पाट्या डोक्यावरून आणल्या, मोरीचं पाणी वळवून कर्दळीला सोडलं. गुलबक्षी, शेवंती, झेंडू, अबोली, सगळं लागलं. सासूबाई चाकणच्या पुढच्या खेड्यातल्या, शेतात राबलेल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या उंबऱ्यात बसून बघायच्या.

“मेथी लाव, कोथमीर लाव. फुलं काय कालवनात घालायची हायेत?”

मेथी बाजारात मिळत होती. मी झेंडू लावला.

गोधडी मला आईनं शिकवली, मावळात, माहेरी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि कडेनं धावदोरा घालत आत आत जायचं. गोधडी जुन्याचीच करायची असते, फाटक्या, विटक्या धडुत्याची. एका दुपारी मी असंच लुगडं पसरून बसले होते आणि दारात गुलबक्षी फुलायच्या बेतात होती. मला वाटलं, हा रंग पेटीत आहे. उठले, पेटी उघडली. गुलबक्षी होता, अबोली होता, डाळिंबी, लिंबू, मोरपंखी, शेवाळी, सगळी बाग त्या पेटीत घडी घालून पडली होती. कात्री कुठंय ते मला माहीत होतं.

पहिल्या खणाला कात्री लावताना दोनदा मागे घेतली, खोटं कशाला बोलू. मग हात असा मोकळा झाला की संध्याकाळपर्यंत निम्मी पेटी कापून झाली. पाकळ्या कापल्या, पानं कापली, कडा आत मुडपून लुगड्यावर टाचल्या. शेवंती फार छळायची. बारीक पट्ट्या कापून गोल गोल बसवाव्या लागत. तीन फुलं उसवली तेव्हा एक मनासारखं झालं. हळदीकुंकू आलं, आत्याबाईंनी द्यायला खण काढायला पेटी उघडली आणि बुडाशी फक्त डांबरगोळ्या.

“आगं, नव्या खनाला कातर लावलीस? हात कसा धजावला तुजा?”

“धजावला.”

“आनि ही पांघरायची कुनी?”

“कुणीच नाही. भिंतीला लावणार.”

“भिताडाला काय थंडी वाजती व्हय?”

यावर मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ओटीचे खण कापणाऱ्या बाईची कूस कशी उजवणार, हे त्यांनी त्या आठवड्यात नळावरच्या प्रत्येकीला विचारलं.

थोड्याच दिवसांनी भोसरीहून नणंद आली, कधी नव्हे ती गोड बोलत. “वहिनी, किती दमतेस. चार दिवस माहेरी जाऊन ये.” एवढ्या वर्षांत मी दमते हे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारणीनं नळावर मला बाजूला घेतलं. खेडकडची एक मुलगी यांच्यासाठी बघितली होती. मुलीची आई आणि मामा घर बघायला येणार होते. त्यांना सांगितलं होतं की पहिली माहेरी निघून गेली, काडीमोड झाली.

यांना माहीत होतं का? होतं. मी विचारलं तेव्हा हे बुटाची नाडी बांधत राहिले. नाडी बांधायला कुणाला इतका वेळ लागत नाही.

मी माहेरी गेले नाही. तिथं गेले असते तर मला परत आणायला कुणी आलं नसतं, हे मला लख्ख दिसत होतं. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढले, बाहेरच्या खोलीत समोरच्या भिंतीत खिळे ठोकले आणि गोधडी टांगली. आत्याबाई ओरडल्या, नणंदेनं स्टूल ओढायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, “ओढा. पडले तर तुमच्या पाहुण्यांपुढे पाय मोडून बसेन.”

पाहुणे आले. हे पहिली शिफ्ट करून आले होते, खुर्चीवर मान खाली घालून बसले. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा मुलीची आई भिंतीकडे बघत होती.

“आगं बया, ही तर बागच हाय की! कुनी केली?”

“शेजारनीनं दिलीया,” आत्याबाई म्हणाल्या. माझ्याकडे बोट करून, “हिनंच.”

म्हणजे मी शेजारीण. माझ्याच घरात, माझ्याच गोधडीखाली. मी ट्रे खाली ठेवला.

“शेजारीण नाही. मी यांची बायको.”

ती बाई गांगरली. “पन त्या तर माहेरी गेल्याती…”

“कुठं गेले नाही. जाणारही नाही.” आवाज चढला होता, चढू दिला. “हे सगळे खण ओटीतले आहेत. मूल व्हावं म्हणून बायांनी घातलेले. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलंय, माझ्यात दोष नाही. यांना अजून कुणी तपासलेलं नाही. तरी मुलगी द्यायची असेल तर द्या. ती बाजूची भिंत रिकामी आहे, तिचे खण तिथे लावू.”

मामा आपल्या टोपीशी चाळा करत बसला. मुलीच्या आईनं न प्यालेला कप खाली ठेवला, पदर सावरला आणि उठली. दारात थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, “न्हाई बाई. माजी लेक न्हाई यायची हितं.” मग मामाला म्हणाली, “चला दादा.”

ती गेल्यावर आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं. “आसल्या गोष्टीवर पांघरून घालायचं सोडून तू भिताडाला टांगतीस?”

“हो. बरंच पांघरूण घालून झालंय माझं,” मी म्हटलं आणि बादली घेऊन अंगणात गेले. भीती वाटत होती, आणि तरी आतून असं हलकं वाटत होतं की मी कर्दळीला दुप्पट पाणी घातलं.

पुढचे कित्येक दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. नणंदेनं येणं बंद केलं, ते एक बरंच झालं. गोधडी भिंतीवरून कुणी काढली नाही, काढायची कुणाची हिंमत नव्हती. तपासणीला हे कधीच गेले नाहीत. मी पुन्हा म्हटलं नाही, ते माझं काम नव्हतं.

मग एकदा यांच्या खात्यात बदलून आलेला एक जण बायकोला घेऊन घरी आला. नवी जोडी, नव्या ओळखी. बाईनं बसल्या बसल्या मला विचारलं, “वहिनी, मुलं किती?” मी तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर एरवी मी द्यायची किंवा आत्याबाई द्यायच्या, हे तेव्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचे. त्या दिवशी पेपर मांडीवरच राहिला.

“आम्हाला मूल नाही,” हे म्हणाले.

आम्हाला. आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाईंचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत. त्या बाईकडे सरळ बघून विचारलं, “चहात साखर किती घालू?”