रविवारचा दुभाष्या

साठी उलटल्यावर मी जर्मन शिकायला लागले, आणि तेही चोरून. नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता; गावात सांगून ठेवलं होतं की गुडघ्यांसाठी मिरजेच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. शुक्रवारी साताऱ्याहून सांगलीला बहिणीकडे जायचं, शनिवारी क्लास करायचा आणि रविवारी परतीची गाडी धरायची. रविवारी संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल असायचा, तो चुकवून चालत नसे. मुलगा जर्मनीत इंजिनिअर, सूनही तिकडचीच, आणि त्यांना पाच वर्षांची एक मुलगी.

क्लासमध्ये बाकी सगळ्या नर्सिंग झालेल्या पोरी. त्यांना तिकडे नोकरी हवी होती, मला फक्त सुनेशी बोलायचं होतं. टेबल पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी का, असं विचारलं की मॅडम म्हणायच्या, "काकू, पाठ करा." जन्मभर शाळेत मी पोरांना हेच सांगत आले, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. सुनेला त्यांच्यात 'श्वीगरटोख्टर' म्हणतात. तो शब्द घोकताना मला ठसका लागायचा आणि बहीण पाण्याचा तांब्या घेऊन धावायची.

लग्न झाल्यापासून माझं आणि सुनेचं सगळं बोलणं मुलामार्फत चालायचं. ती हातवारे करत बराच वेळ काहीतरी सांगायची आणि तो म्हणायचा, "आई, ती म्हणतीय, बरं चाललंय." मला वाटायचं, भाषाच लांबलचक असेल. एकदा मीच त्यांच्याकडे येण्याचा विषय काढला, तर तो म्हणाला, "इकडं आईवडिलांना घरी ठेवायची पद्धत नाही गं. तिला नाही चालणार." तेव्हापासून सून माझ्या मनातून उतरली. शेजारीपाजारी मी तिच्या नावाने बोटं मोडली. पण नात बोलायला लागली आणि माझा राग ढिला पडला. ती बोलायची ते जर्मनच. म्हटलं, आपणच शिकावं आणि सुनेला स्वतःच्या तोंडाने सांगावं की महिनाभर येऊ दे, तुला काही त्रास देणार नाही.

परीक्षा पास झाल्यानंतरच्या रविवारी मी ठेवणीतली साडी नेसून मोबाईलसमोर बसले. वाक्य पक्कं पाठ होतं. मी तोंड उघडायच्या आत सूनच मुलाला म्हणाली, "तुझी आई कधी येणार? तिची खोली आपण किती दिवस रिकामी ठेवायची? परत एकदा विचार ना तिला."

मला शब्द न् शब्द कळला. मुलगा माझ्याकडे वळला. "आई, ती म्हणतीय, इकडं लय थंडी पडलीय. तुमच्याकडं कसं?"

"आहे थोडी," मी म्हणाले.

तो तिच्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, "नको म्हणते. तिला गाव सोडवत नाही."

सुनेचा चेहरा उतरला. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण इतकी वर्षं हा दोघींना खोटं सांगत आला, हे त्याच्या बायकोला त्याच क्षणी कळलं असतं. मी गप्प बसले. आजही मला त्या गप्प बसण्याचा पश्चात्ताप होतो.

कॉल संपल्यावर शेजारी बसलेल्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं. ते मिलिटरीतून रिटायर झालेले, आवाज कायम चढा. "मग बोलायचं की गं! एवढं शिकलीस कशाला?"

"आवं, बायकोपुढं पोराची काय अब्रू ऱ्हायली असती?"

"आन आपली?" एवढंच म्हणून ते बाहेर गेले.

मुलाला आमची लाज वाटते की काय, कोण जाणे. यांच्या आवाजाची, माझ्या बोलण्याची, की आम्ही गेलो की घरात गाव येईल, त्याची? एकट्याला फोन करून विचारावं असं कितीदा तरी मनात आलं. उत्तराची भीती वाटते, म्हणून विचारलं नाही. सुनेबद्दल मी शेजारणींना जे सांगत फिरले, तेही आता परत घेता येत नाही. खरं सांगायचं तर मुलाचं नाव घ्यावं लागेल.

सांगलीला जाणं मी बंद केलं. सूनही हळूहळू विचारेनाशी झाली.

मागच्या रविवारी नात आईच्या मांडीवर बसली होती. तिने विचारलं, "आजी आपल्याकडे का येत नाही?" सुनेने तिचे केस मागे सारले आणि ती हळू आवाजात म्हणाली, "आपण तिला आवडत नसू, बाळा."

मुलाने ते ऐकलं. मग तो माझ्याकडे वळला. "आई, ती पोरीला म्हणतीय, आजीला टाटा कर."

मी हसून हात हलवला.