रिकामी थाळी

मागच्या वर्षी काही महिने माझं अल्लाहशी नीट बोलणंच होत नव्हतं. नमाज चुकत नव्हती, पण दुआसाठी हात उचलले की तोंडातून फक्त तक्रारी यायच्या, आणि त्याही शेजारणीशी भांडावं तशा. हे लिहिताना लाज वाटते. पण खरं तेच लिहायचं तर हे पहिलं लिहायला हवं. मी रागावले होते, आणि रागाचं कारण माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्याच मजल्यावर राहत होतं.

आम्ही रत्नागिरीकडचे. जेद्दाला अझीझियात आमचं बिऱ्हाड आहे आणि जवळच नवऱ्याचं मसाल्याचं दुकान. वरच्या घरात मेई नावाची चिनी बाई, तिचा नवरा आणि सात वर्षांची मुलगी लान राहायचे. ते चीनमधले मुसलमान. नवरा तिकडचा माल आणून विकायचा, मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहायचा, जिन्यात भेटला की मान खाली घालून सलाम करायचा. आणि आठवड्यातून दोनदा तरी वरून खुर्ची आपटल्याचा, बाई पडल्याचा आणि मग लानच्या रडण्याचा आवाज यायचा. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना तो ऐकू यायचा आणि सगळे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मेईची आणि माझी ओळख थाळीवरून झाली. शुक्रवारी मी सांदणं करते, तांदळाची, वाफेवर. मेईही वाफेवरचे पाव करायची, त्यामुळे माझी सांदणं तिला फार आवडली. पहिल्यांदा तिने थाळी धुऊन रिकामीच परत पाठवली, तेव्हा मी माझ्या लेकीला आणि लानला मध्ये घालून तिला आमची रीत समजावली होती. आमच्याकडे दिलेलं भांडं रिकामं परत येत नाही. रिकामं येतं ते फक्त मयतीच्या घरातून, कारण तिथे चूल पेटलेली नसते. मेईला ते इतकं पटलं की नंतर थाळीत कधी पाव, कधी संत्री, एकदा तर नुसते मूठभर शेंगदाणे आले, पण थाळी कधी रिकामी आली नाही.

तिच्या अंगावरचे डाग पाहून मी आधी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मियां-बीवीचा मामला आहे, आपण परदेशात, कशाला पडायचं? मग आमच्या गावच्या जमातीच्या काकांना सांगितलं. इथे आमच्या गावच्या माणसांची जमात आहे आणि घरातल्या भांडणावर तिच्याकडे एकच औषध आहे, समेटाचं जेवण. दोघांना बोलवायचं, वडे-मटण वाढायचं, वडीलधाऱ्याने चार शब्द सांगायचे, फातिहा पढायचा, झालं. गावाकडे ते चालतं, कारण उद्या अख्खं गाव तोंडात शेण घालेल ही भीती असते. या माणसाचं इथे गावच नव्हतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तो जेवला, काकांचा हात हातात घेऊन डोळे पुसले, मटणाची तारीफ केली. दुसऱ्या दिवशी मेईचा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता. घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ते जेवण मी रांधलं होतं. त्या दिवसापासून मी अल्लाहला रोज सूचना देऊ लागले. त्या माणसाचा व्हिसा रद्द कर, त्याचं दुकान बुडव, मेईला बुद्धी दे, माझ्या नवऱ्याला लाज दे. यादी लांबत गेली आणि वरचे आवाज तसेच राहिले.

त्यातच माझी सासू गावाहून आलेली. आम्ही तिला अम्मा म्हणतो. तिचे गुडघे गेलेले, पण तिला त्याच आठवड्यात उमरा करायचा होता. मेईचा हात गळ्यात आणि मी मक्केला जाऊ? पण अम्मापुढे कुणाचं चालतं? मी चिडतच गेले, चिडतच तिची व्हीलचेअर ढकलत काबाभोवती तवाफ केला आणि असरच्या नमाजची वाट बघत बायकांच्या रांगेत बसले. तिथे मात्र रडू कोसळलं. ते भक्तीचं नव्हतं, वैतागाचं होतं. मी मनात म्हणाले, इतकं सांगून तू ऐकत नाहीस, मग सांगायचं तरी कुणाला?

शेजारच्या म्हातारीने माझ्या हातात खजूर ठेवला आणि अरबीत विचारलं, मुली, काय झालं? मी बाजारात घासाघीस करण्यापुरत्या अरबीत काहीतरी बरळले, आणि मग तिच्याकडे नीट बघितलं. चेहरा अगदी मेईच्या आईचा शोभावा असा. मी विचारलं, तुम्ही चीनच्या का? ती हसली. तिचे आजोबा तिकडून हजला आले आणि इथेच राहिले. तिचा जन्म ताइफचा, पण घरात अजून चिनीच बोलतात. आता ती जेद्दाला लेकाकडे असते, अझीझियापासून वीस मिनिटांवर. सगळे तिला हज्जा म्हणतात. मग तिने सांगितलं की चिनी बायकांचा एक गट आहे. कुणाचे नवरे कंपनीत, कुणाचं दुकान. घरात मार खाणारी बाई आणि तिची पोरं असली की या बायका तिच्याबरोबर दवाखान्यात जातात, सरकारी हेल्पलाइनवर तिच्या भाषेत बोलतात, वकील बघतात. लाखो माणसांच्या त्या गर्दीत माझ्या शेजारी तीच का बसली, यावर मी काही म्हणत नाही. अम्माचे गुडघे दुखले नसते तर आम्ही त्या खांबाजवळ बसलो नसतो, एवढंच मला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात, मेईचा नवरा दुकानात असताना, मी माझ्या फोनवरून तिचं हज्जाशी बोलणं करून दिलं. आपली भाषा कानावर पडताच मेई माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली आणि अर्धा तास बोलत राहिली. मला वाटलं, आता सुटली. पण ती डोळे पुसून वर गेली आणि स्वयंपाकाला लागली. एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. माझ्या नाकी नऊ आले. मी हज्जाला फोन करून म्हणाले, ही बाई निघत का नाही? हिला फरफटत बाहेर काढायचं का?

हज्जा म्हणाली, “तिला ओढणारा एक आहे घरात. तू दुसरी होऊ नकोस. दार उघडं ठेव आणि थाळी पाठवत राहा.”

मला हे मुळीच पटलं नाही. तरी थाळी पाठवत राहिले, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

मग एका शुक्रवारी पुरुष जुम्म्याच्या नमाजला गेल्यावर दारावर टकटक झाली. एरवी थाळी संध्याकाळी यायची. लानने ती माझ्या हातात दिली आणि वर पळाली. थाळी धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. मी भडकले. एवढं करते मी हिच्यासाठी आणि हिला दोन शेंगदाणे घालून द्यायला होत नाही, असं बडबडत मी थाळी ओट्यावर आपटली.

अम्मा पलंगावरून म्हणाली, “अगो, रिकामी थाळी कुठल्या घरातून येते?”

मयतीच्या घरातून. मी हज्जाला फोन लावला. पुरुष मशिदीतून परतायच्या आत दोन गाड्या खाली उभ्या होत्या आणि पाच चिनी बायका जिना चढत होत्या. हेल्पलाइनला कळवून त्या निघाल्या होत्या. मेई दारातच उभी होती. मानेवर बोटांचे वळ, खांद्याला लानचं दप्तर आणि त्यात सगळे कागद. ती केव्हापासून तयारी करत होती, कोण जाणे. माझ्यापाशी आल्यावर तिने फक्त माझा हात घट्ट धरला. 

दुपारी तिचा नवरा आमच्या दारात येऊन ओरडू लागला. माझा नवरा, मामल्यात पडू नये म्हणणारा, दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला आणि त्याला आत येऊ दिलं नाही. पुढे जमातीचे काकाही साक्ष द्यायला गेले. म्हणाले, त्या जेवणाचा घास अजून घशात अडकलाय माझ्या.

त्यानंतर चार महिने कागदांचे गेले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावाने, पासपोर्ट त्याच्या कपाटात. हज्जाच्या बायका पाळ्या लावून मेईबरोबर प्रत्येक ठिकाणी जात होत्या. मला कुणी काही सांगत नव्हतं, आणि अर्थातच मी वैतागत होते.

आज दुपारी हज्जा आली. फुलाफुलांच्या चिनी थाळीत मेईने केलेले पाव, अजून कोमट. मेईचा वेगळा इकामा झाला. ती आणि लान गटातल्या एका बाईकडे दोन खोल्यांत राहतात. लान रात्री दचकून उठायची, ते थांबलंय. हे ऐकून मी तिथेच सजदा केला. किती दिवसांनी तक्रारीशिवाय कपाळ जमिनीला लागलं. मी अल्लाहकडे शिगोशीग भरलेली थाळी पाठवत होते, काय कर, कसं कर, कधी कर. मेईने त्या शुक्रवारी एकच थाळी पाठवली, रिकामी. तीच पोचली. आता दुआला बसले की मी हात नुसते पसरते. काय घालायचं ते त्याने बघावं. रोज जमतं असं नाही.

मेईची थाळी रिकामी परत जायची नाही. उद्या शुक्रवार, म्हणून सांदणाचं पीठ भिजवून ठेवलंय. अम्मा आता गावी असते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली, “पीठ त्याच्या वेळेला फुगेल. तू सारखं झाकण उचलून बघू नको.”

अजून तरी मी दोनदाच बघितलंय.