डोळ्याखालचा भोवरा

घोड्याच्या अंगावर ऋतू आपल्या आधी येतो. आपण अजून गोधडी बाहेर काढलेली नसते तेव्हाच त्याच्या अंगावर दाट लव धरलेली असते, आणि होळीला आठ-पंधरा दिवस असतानाच ती झडायला लागते. हे मला प्राणिशास्त्राच्या पुस्तकाआधी वडिलांनी शिकवलं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आमच्याकडे एक पांढरी घोडी होती, नवरदेव मिरवायची. केजच्या आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवापर्यंत गेले, आणि त्या कमाईवर, त्यांच्या मागोमाग, मी शाळेत, मग केजच्या कॉलेजात गेले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे त्या घोडीबद्दल लिहिताना मी होता होईल तेवढं खरं लिहिणार आहे, जे मला कळलं नाही तेसुद्धा.

पावसाळ्यात दादा तिच्या खुरांतला चिखल काडीनं काढून कडुलिंबाच्या पाण्यानं खूर धुवायचे आणि तिच्या पायाखाली कोरडी राख पसरायचे. थंडीत भिजवलेल्या हरभऱ्यात गूळ आणि ओवा, पाठीवर पोत्याची झूल. उन्हाळ्यात डोक्यावर ओलं फडकं आणि कपाळावर सुती दोऱ्यांची झालर, डोळ्यांवर माश्या बसू नयेत म्हणून. आणि केस झडायला लागले की रोज खरारा. लोखंडी दातांच्या त्या खराऱ्यानं मानेपासून शेपटीपर्यंत घासत गेलं की पांढऱ्या केसांचे पुंजके वाऱ्यावर उडायचे. ते काम माझं होतं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा दुष्काळ पडला. दिवाळीतच विहिरीनं तळ दाखवला. संक्रांतीनंतर आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संस्थेनं आटलेल्या तलावाच्या काठी जनावरांची छावणी उघडली. उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, आणि टँकरचं पाणी तिथं मिळायचं. दादा घोडीला घेऊन गेले तर सचिवांनी रकाने आखलेला कागद पुढे केला.

"गाय, बैल, म्हैस. घोड्याला यात खाना न्हाई."

"म्हणून तर आणली हाय, सायेब," दादा म्हणाले. "घरीबी तिला खाना न्हाई."

रांगेतली माणसं हसली, सचिवही हसले, पण नियम नियम होता. शेवटी संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी सांगितलं, माझा पोरगा तिच्यावर बसून बोहल्यावर गेला, असू द्या एका कडेला. वैशाखात संस्थेतर्फे सामुदायिक विवाह होणार होते. त्यात सगळ्या नवरदेवांच्या पुढे आमची घोडी चालेल असंही त्यांनी कबूल केलं. दादांचा सगळा जीव त्या कबुलीत अडकला होता.

घोडीला अगदी शेवटची जागा मिळाली. तिच्या उजव्या हाताला दुसऱ्यांची जनावरं, डाव्या हाताला तलावाचं उघडं, भेगाळलेलं पोट. दादा सकाळपासून वाढ्याच्या गाड्या उतरवायचे. मी सकाळचं कॉलेज करून जीपनं परत यायची, त्यांची भाकरी घेऊन बाराच्या आत छावणीत जायची आणि उन्हं कलेपर्यंत घोडीजवळ पुस्तक घेऊन बसायची.

छावणीतली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगणं अवघड आहे. शेकडो जनावरं रवंथ करत असायची. त्या आवाजाची इतकी सवय व्हायची की तो ऐकू येईनासा व्हायचा. आणि मग कधीतरी, बारा-साडेबाराच्या सुमाराला, तो एकदम थांबायचा. सगळ्या छावणीचा. का थांबायचा ते मला आजही सांगता येणार नाही. चार-सहा श्वास गेले की पुन्हा सुरू व्हायचा. तेवढ्या वेळात आमची घोडी मान पूर्ण डावीकडे वळवून तलावाच्या त्या उघड्या कोपऱ्याकडे बघत असायची. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. डाव्या कुशीची कातडी एकसारखी थरथरायची, पण अंगावर माशी नसायची. मी तिच्या नजरेच्या रेषेत बघायची. तिथं काही नव्हतं. भेगा, ऊन आणि एक वाळलेली बाभूळ.

शेजारी ऊसतोडीहून लवकर परतलेल्या एका मावशीचे दोन बैल होते. कारखान्याचा ऊसच संपल्यामुळे त्यांची टोळी महिनाभर आधी घरी आली होती. पहिल्यांदा त्या घोडीची चेष्टा करायच्या. "नवरदेवाची वाट बघायली गं ही." पुढं त्यांची चेष्टा बंद झाली. एका दुपारी त्यांचा धाकटा बैलही मान वळवून तिकडे बघायला लागला.

"पोरी, तुमची घोडी माझ्या बैलाला बिघडवायली," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "तिला दिसतंय."

"काय दिसतंय, मावशी?"

"ते तिला इचार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल चार दावणी पलीकडे नेले. त्यांचं बघून दुसऱ्यांनीही नेले. आमच्या घोडीभोवती मोकळं आवार तयार झालं. त्या कोपऱ्यात पूर्वी काय होतं याबद्दल पाच माणसांनी मला पाच गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येकानं आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. एका सकाळी कोपऱ्यात पत्रावळीवर दहीभात आणि कापलेलं लिंबू ठेवलेलं दिसलं. मी दुपारी गेले तेव्हा भात तसाच होता. छावणीतली कुत्री उपाशी होती, वाढ्याची पानंसुद्धा चघळायची. पण त्या भाताला कुणी तोंड लावलं नव्हतं. मुंगीसुद्धा लागली नव्हती.

होळीच्या आसपास केस झडायला लागले. मी खरारा फिरवत तोंडापर्यंत आले, तिथं खरारा ठेवून मऊ फडकं घेतलं. डाव्या डोळ्याखाली हिवाळ्याचे केस पुंजक्यानं निघून आले आणि खाली बोटाच्या पेराएवढ्या जागेत केस गोल फिरलेले दिसले. मला ते सुंदर वाटलं. मी दादांना हाक मारून दाखवलं.

दादांनी बघितलं आणि लगेच त्यावर अंगठा ठेवला, कुणी यायच्या आत एखादी गोष्ट झाकावी तसा.

"घेताना हा न्हवता," ते म्हणाले. "मी भर उन्हात सगळे भोवरे मोजून घेतलीय हिला. भोवरा जन्माचा असतो पोरी, मागून येत न्हाई."

त्यांनी झालर खाली ओढली आणि कुणाला सांगू नको म्हणाले. पण तीन-चार दिवसांनी धर्मापुरीकडचे एक म्हातारे बाबा आपल्या लेकीच्या म्हशी बघायला छावणीत आले. तरुणपणी ते घोड्यांच्या बाजारात दलाली करायचे. पांढरी घोडी दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी दात पाहिले, छाती पाहिली, झालर वर केली आणि हात मागे घेतला.

"आसूढाळ हाय ही."

डोळ्याखाली भोवरा असलेल्या घोड्याला जाणकार आसूढाळ म्हणतात. तो धन्याला रडवतो, अशी समजूत. त्याला कुणी विकत घेत नाही आणि लग्नात तर कुणी दारासमोरूनही जाऊ देत नाही. आतापर्यंत माणसं नुसती घाबरत होती. आता त्यांच्या भीतीला नाव मिळालं. संध्याकाळच्या आत दहा-बारा जण सचिवांकडे गेले. अमावस्येच्या आत घोडी छावणीबाहेर काढा, नाहीतर आम्ही आमची जनावरं काढतो. अमावस्या पाच दिवसांवर होती. आमच्या गावात टँकर कधी यायचा आणि कधी नाही. बाहेर काढणं म्हणजे तिला मारणंच होतं, आणि हे दादांना, मला आणि सचिवांनाही माहीत होतं.

मी शास्त्र शिकत होते, पण खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत मलाही भोवऱ्याखेरीज काही सुचत नव्हतं. रोज जाऊन बघायची, वाढला का. बघायच्या आधी ओढणीच्या टोकानं तिचा डोळा पुसायची, कारण तो ओला असायचा. छावणीत धुळीनं सगळ्यांचेच डोळे वाहायचे. तिसऱ्या दिवशी पुसता पुसता माझा हात थांबला. ओढणीचं एकच टोक रोज मळत होतं. उजवा डोळा मला एकदाही पुसावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लसीकरणाला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी हात जोडून घोडीकडे घेऊन आले. घोडा त्यांच्या यादीत नव्हता, तरी ते आले, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्यांनी भोवऱ्याकडे बघितलंच नाही. झालर वर करून डोळ्यात बघितलं. बुबुळावर ताकाच्या निवळीसारखी निळसर झाक होती. त्यांनी डाव्या डोळ्यासमोर बोट नाचवलं, पापणी हलली नाही. मग त्यांनी तळहातानं तिचा उजवा डोळा झाकला. घोडी जागच्या जागी दगड झाली. श्वाससुद्धा घेईना. ती कोपऱ्याकडे बघताना अगदी अशीच उभी राहायची.

"डाव्या डोळ्यानं हिला दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजार येतो, जातो, पुन्हा येतो, आणि दर वेळी थोडी नजर घेऊन जातो. तुमचा भोवरा म्हणजे गळणाऱ्या पाण्यानं केस झडून वेडेवाकडे उगवलेत."

"मग ती तिकडं काय बघते?"

"डावीकडचं जग तिच्यापुरतं पुसलं गेलंय. म्हणून पूर्ण मान वळवून उजव्या डोळ्यानं शोधते. तिकडं काही आहे म्हणून नव्हे, तिकडं तिला काहीच नाही म्हणून."

मला वाटलं हे ऐकून माझी भीती जाईल. पण ती वाढली. एका बाजूनं जगच नसणं म्हणजे काय, याचा मी विचार करत राहिले.

डॉक्टरांनी डोळ्यात घालायचं औषध दिलं, धूळ आणि ऊन टाळायला सांगितलं. दुसरा डोळाही जाऊ शकतो, हेही सांगितलं. ते गेल्यावर दादा खुंट्याजवळ उकिडवे बसले. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. नुसतं एवढंच सांगता आलं असतं की डॉक्टर म्हणाले भोवरा नाही, धुळीची जखम आहे. मग घोडी छावणीत राहिली असती आणि वैशाखात नवरदेवांच्या पुढेही चालली असती. आंधळं म्हटलं की ते संपलं. एका डोळ्याची घोडी लग्नाला चालत नाही.

"दादा, डावीकडून बँडवाले आले आन् ती बुजली तर?" मी विचारलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "वरती कुणाचंतरी लेकरू असंल."

ते उठले आणि पाण्याच्या टाकीपाशी गेले. तिथं छावणीतली सगळी माणसं बादल्या घेऊन उभी होती. तिथं त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "माझी घोडी डाव्या डोळ्यानं आंधळी हाय. तिला काय दिसत न्हाई म्हणून ती बघती. लग्नात मी तिला नेणार न्हाई. फकस्त इथं ऱ्हाऊ द्या."

 मागून एका बैलवाल्यानं विचारलं, "आंधळी व्हय? मग आमाला कामून इतके दिस भ्या दाखवायली?" आणि माणसं हसली. मावशी स्वतः आल्या, घोडीच्या डाव्या डोळ्यासमोर बांगड्या न वाजवता हात फिरवून गेल्या आणि "अगं माझी बाई ती" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांचे बैल परत आमच्या शेजारी आले. फक्त धर्मापुरीकडचे बाबा जाता जाता मला म्हणाले, "डाक्टर बराबर हाय. डोळा गळतोय. पर पोरी, आसूढाळ म्हंजे दुसरं काय असतंय? नाव काय उगं पडलं?"

अमावस्या आली आणि गेली. घोडी राहिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या बाजूनं येणाऱ्यानं आधी बोलावं, म्हणजे ती दचकणार नाही. छावणीनं ते मनावर घेतलं. बादली घेऊन जाणारा प्रत्येक माणूस लांबूनच "आलो गं बाई" म्हणायचा. "घरी गेल्यावर बायकोला एवढं सांगत न्हाईत," असं मावशी त्यांना सुनवायच्या. आवाज आला की घोडी डावा कान तिकडे वळवायची आणि अर्धं पाऊल उजवीकडे सरकून येणाऱ्याला वाट द्यायची. पंधरा दिवसांत ती हे शिकली. थरथर थांबली.

वैशाखात सामुदायिक विवाहाच्या दिवशी सगळी छावणी जेवायला गेली. बीडहून भाड्यानं घोडी आणली होती, तिचा लगाम धरायला दादांना बोलावलं होतं, आणि ते गेले. मी जनावरांपाशी थांबले. लांबून बँड ऐकू येत होता, तोवर आमची घोडी पाय बदलत राहिली. मग बँड थांबला. थोड्या वेळानं रवंथाचा आवाजही थांबला.

मी तिच्या उजव्या बाजूला सावलीत पुस्तक घेऊन बसले होते. घोडीचा डावा कान वळला. तिनं अर्धं पाऊल माझ्याकडे सरकून वाट दिली. मान खाली घेतली, खालचा ओठ सैल सोडला. ओळखीचं कुणी मानेवर हात ठेवून उभं राहिलं की ती अशी उभी राहायची. भीती तिच्या अंगावर कुठेच नव्हती.

कुणी बोललं नव्हतं. निदान मला ऐकू आलं नव्हतं.

तिच्या पोटाखालून पलीकडे वाकून बघणं सोपं होतं. मी बघितलं नाही. ती तशी उभी होती तेवढा वेळ मीही हलले नाही. मग रवंथाचा आवाज पुन्हा सुरू झाला, घोडी आपल्या जागेवर परत सरकली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी केव्हाच पाय जवळ घेतले होते आणि ओढणी डोक्यावरून घेऊन नीट सावरून बसले होते, घरात कुणी वडीलधारं माणूस आल्यावर बसावं तशी.