लॅमिनेट केलेलं घर

हॅम्बर्गच्या विमान कारखान्यात विठ्ठल गजभिये यांची सही दिवसातून चाळीसेक वेळा उमटायची. केबिनमधली वायर नीट जोडली आहे, असं त्यांनी सहीनिशी सांगितलं की पुढचा माणूस निर्धास्त व्हायचा. अशा माणसाने एका सहीपायी शेजारणीची चाहूल लागली की दारामागेच थांबून राहावं, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची.

शेजारीण म्हणजे नजला. सीरियातल्या होम्स शहरातली विधवा बाई. दहा वर्षांपूर्वी यादवी युद्धातून जीव वाचवून आली आणि समोरच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. कोटाच्या अस्तरात शिवून तिने एकच कागद आणला होता: घराचा ताबू, म्हणजे मालकीपत्र. समुद्राच्या पाण्याने तो घड्यांवर विरला होता, हात लावला तर तुकडे पडतील असा. विठ्ठलरावांनी चिमट्याने तो सरळ केला आणि मोठ्या मायेने लॅमिनेट करून दिला.

हा त्यांचा जुना सोस. नागपूरला वडिलांनी त्यांचा जातीचा दाखला आणि दहावीची मार्कशीट सीताबर्डीच्या दुकानातून अशीच प्लॅस्टिकबंद करून आणली होती. त्या दोन कागदांवरच पोराचं पुढचं सगळं उभं राहायचं होतं. हॅम्बर्गला आल्यावर विठ्ठलरावांनी मशीनच घेतलं. बुद्धवंदनेची पानं, कुकरची वॉरंटी, लेकीचं पहिलं चित्र, काही म्हणून त्यातून सुटलं नाही.

युद्ध संपलं आणि नजलाने घरावर हक्क सांगितला. घरात तिचा दीर राहत होता. जो सत्तेवर येईल त्याचा हा माणूस निष्ठावंत. त्याने लिहून दिलं की वहिनी शत्रूला मिळाली होती, म्हणूनच पळाली. आणि तिचा कागद बनावट आहे. होम्सच्या जमीन कचेरीला बनावटीचं खरंखोटं करता येईना. प्लॅस्टिकमुळे कागदावर दाबून उमटवलेला उठावदार शिक्का बोटांना लागत नव्हता, शाई तपासता येत नव्हती. लॅमिनेशन ज्याने केलं त्याने तेव्हाची कागदाची स्थिती आणि शिक्का कसा होता हे महिनाअखेरीपर्यंत लिहून द्यावं, असं उत्तर आलं.

नजला तो फॉर्म घेऊन आली तेव्हा विठ्ठलरावांच्या जर्मन नागरिकत्वाची मुलाखत तीन आठवड्यांवर होती. परक्या देशातल्या युद्धाच्या कागदावर आपलं नाव कशाला, उद्या कुणी 'तुम्ही कुणाच्या बाजूचे' म्हणून विचारलं तर, अशी धास्ती त्यांच्या मनात शिरली. ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी नक्की आठवत नाही हो."

कपाटावर मशीन दिसत होतं. नजलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. चहा संपवला, फॉर्मची घडी केली आणि गेली.

त्यांच्या पत्नी कीर्तीताईंनी भांडी आवरता आवरता एवढंच म्हटलं, "अहो, कुकरची वॉरंटी कधी प्लॅस्टिकमध्ये घातली ते तारखेसकट सांगता की तुम्ही."

मुलाखतीत त्यांनी देशाच्या घटनेशी एकनिष्ठ राहण्याचं निवेदन मोठ्याने वाचलं, सही केली. मग अधिकारी बाईंनी जन्माचा दाखला हातात घेतला, अंगठा फिरवला आणि शिक्का हाताला लागत नाही म्हणाल्या. हे प्लॅस्टिक कुणी चढवलं?

"मी," विठ्ठलराव म्हणाले. "दोन हजार अकरा, मे महिना."

बाईंनी ते टिपून घेतलं, एवढंच. दुसरी प्रत मागवा म्हणाल्या. विठ्ठलरावांचे कान मात्र तापले. ट्रेनमध्ये बसायला जागा असून ते उभेच राहिले.

घरी न जाता त्यांनी समोरची बेल वाजवली. फॉर्म द्या, म्हणाले. नजलाने सांगितलं की तो तर मागच्याच आठवड्यात पाठवला. लॅमिनेशन मीच केलं असं लिहिलं.

"तुमची तारीख जवळ आली होती ना," ती म्हणाली. "कीर्तीने सांगितलं होतं."

म्हणजे आयुष्यभर खऱ्या कागदाला जपणाऱ्या बाईने त्यांच्यासाठी खोटं लिहून दिलं होतं, आणि ते उघडं पडलं तर दिराचंच म्हणणं खरं ठरणार होतं. विठ्ठलरावांनी तिथेच तिच्या टेबलावर कोरा कागद घेतला. सप्टेंबर दोन हजार पंधरा, रविवार दुपार. तीन घड्या. शिक्का उजवीकडे खाली, बोटाला स्पष्ट लागणारा. शेवटी लिहिलं, की या बाईने माझ्या भीतीपायी माझं काम स्वतःच्या नावावर घेतलं.

दोन जबाब जुळत नाहीत, आता कचेरी कुठला मानेल सांगता येत नाही, असं नजलाच्या वकिलाने फोनवर बजावलं. तरी कागद गेला.

नजलाने कॉफी ओतली. "आता आठवलं सगळं?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिकच लागलं.

विठ्ठलरावांनी कप जवळ ओढला. "तेव्हाही आठवत होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा त्यांच्याकडे सरकवला.